एम४२: हेलिओस ४४-२, टाकुमार ५५ आणि पेंटाकॉन ५० यांत नक्की कशाची तुलना होतेय?

उनसावली

नमस्कार मंडळी. एम४२ च्या (जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या ४२ मिमी आट्याच्या माउंटच्या) तीन लेन्स एकमेकींशी ताडून पाहतोय: हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ/१.८ आणि पेंटाकॉन ऑटो ५० मिमी एफ/१.८. कॅमेरा सोनीचा फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. अ‍ॅडॉप्टर दोन आहेत, दोन्ही स्वस्तातले. एक साधा आणि दुसरा आत पिन दाबणारं कडं असलेला. हेलिओस आणि पेंटाकॉन साध्यावर लावल्या, टाकुमार कड्याच्या अ‍ॅडॉप्टरवर.

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर, अंतर २ मीटर, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, व्हाइट बॅलन्स ऑटो. निष्कर्ष असे:

हेलिओसची डावी बाजू एफ/२ ला स्पष्टपणे मऊ, उजवी ठीक, आणि एफ/८ ला दोन्ही सारख्या. टाकुमारचे फोटो पिवळट, शटरही इतरांपेक्षा हळू. पेंटाकॉनची रिंग एफ/८ वर नेली तरी फोटोत काहीच फरक नाही. आणि हेलिओसचा तो प्रसिद्ध भोवरा (गरगरल्यासारखी दिसणारी धूसर पार्श्वभूमी) कुठे दिसलाच नाही.

यावरून कुठली लेन्स ठेवावी, कुठली काढावी?

काचवेडा

अजून एकही काढू नका. या घडीला तुम्ही दोन अ‍ॅडॉप्टर, एक भिंत आणि कॅमेऱ्याचा ऑटो मोड तपासलाय. लेन्सची पाळी अजून आलेली नाही.

आधी भिंत. ५८ मिमी, एफ/२, अंतर २ मीटर. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा. एका पिक्सेलइतकाच धूसरपणा चालवून घ्यायचा ठरवला, तर फोकसच्या पुढेमागे मिळून २८ मिमी जागा मिळते, म्हणजे एका बाजूला १४ मिमी. चौकटीत भिंतीची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास येते. तेव्हा मधल्यापासून कडेपर्यंतच्या ६२ सेंटिमीटरमध्ये भिंत १४ मिमीने तिरकी असली की कड गेली. हा कोन जेमतेम १.३ अंश भरतो. डोळ्यांच्या अंदाजाने इतका काटकोन साधत नाही.

भिंतच वापरायची तर एक लहान सपाट आरसा भिंतीला घट्ट टेकवून मधोमध लावा. व्ह्यूफाइंडरमध्ये तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर केंद्रात येईपर्यंत ट्रायपॉड सरकवा. तेवढ्याने कॅमेरा काटकोनात येतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे भिंत सोडा आणि लांबचं दृश्य घ्या. दोन-तीनशे मीटरवरच्या इमारतीची एखादी जाळी किंवा टाकी एफ/२ ला आधी मधोमध फोकस करा. मग फोकसला हात न लावता कॅमेरा वळवून तीच वस्तू डाव्या आणि उजव्या कडेला, पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा. एकच वस्तू, एकच फोकस, त्यामुळे भिंतीचा प्रश्नच उरत नाही.

आता अ‍ॅडॉप्टर. एम४२ ची फ्लँज (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) ४५.४६ मिमी, सोनी ई ची १८ मिमी. म्हणजे अ‍ॅडॉप्टरची जाडी २७.४६ मिमी हवी. डिजिटल व्हर्निअरने घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी मोजा. मोजताना बायोनेटच्या (कॅमेऱ्यात फिरवून अडकतो त्या भागाच्या) बाहेर आलेल्या जिभा धरू नका, कॅमेऱ्याच्या माउंटला टेकतो तो सपाट काठ धरा. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडे पातळ करतात, कारण पातळ असला तर फोकस अनंताच्या पलीकडे जातो आणि कुणी तक्रार करत नाही, पण जाड झाला तर अनंत मिळतच नाही. ०.१ मिमी पातळ असला तर ५८ मिमीच्या लेन्सवर खरं अनंत साधारण ३४ मीटरच्या जागी येतं, ५० वर २५ मीटरच्या. हे चालतं, फक्त अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका. तिरका असणं मात्र चालत नाही. ६० मिमी व्यासाच्या दोन टोकांत ०.१ मिमी फरक असेल तर सेन्सरच्या कडेला फोकस ०.०३ मिमी चुकतो. एफ/२ ला त्याचा ठिपका ०.०१५ मिमीचा, म्हणजे अडीच पिक्सेल. एफ/८ ला तोच पाऊण पिक्सेलच्या आत येतो. तुमची ‘एफ/८ ला सारख्या’ ही खूण म्हणूनच संशयास्पद वाटते. अर्थात लेन्सचं भिंग सरकलेलं असलं तरीही असंच दिसू शकतं, तेव्हा दोष आधी कुणाचा ते ठरवा: हेलिओस कड्याच्या अ‍ॅडॉप्टरवर लावा आणि टाकुमार साध्यावर. मऊपणा लेन्ससोबत गेला तर लेन्स, जागेवर राहिला तर अ‍ॅडॉप्टर. आणि साध्या अ‍ॅडॉप्टरवर काढलेल्या पेंटाकॉनच्या फोटोंचीही डावी कड एकदा बघा. तिथेही मऊ असेल तर उत्तर हातातच आहे.

पुढच्या वेळी: रॉ, मॅन्युअल एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनवर पक्का, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद, दोन सेकंदांचा टायमर, फोकस दृश्य मोठं करून. प्रत्येक अ‍ॅपर्चरला नव्याने फोकस करून तीन फोटो आणि त्यातला सर्वांत चांगला धरा. हाताने केलेला फोकस एकदा तरी चुकतोच.

पेचकस

पेंटाकॉन बिघडलेली नाही. ऑटो लेन्सची अ‍ॅपर्चरची पाती मागची पिन दाबली की मिटतात. साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पिन दाबायला काहीच नाही, म्हणून रिंग कुठेही असो, अ‍ॅपर्चर उघडंच. काही प्रतींवर ए/एम (ऑटो/मॅन्युअल) खटका असतो, तो एम वर ठेवा. खटका नसेल तर कड्याच्या अ‍ॅडॉप्टरला पर्याय नाही. हेलिओस ४४-२ प्रीसेट आहे, म्हणजे अ‍ॅपर्चर हातानेच मिटवायचं, तिला पिनच नाही, कुठलाही अ‍ॅडॉप्टर चालतो. टाकुमारला खटका आहे, तीही साध्यावर चालेल.

लेन्स हातात घेऊन रिंग एफ/१६ वर न्या, पिन बोटाने दाबा आणि सोडा. पाती झटकन मिटली आणि झटकन उघडली पाहिजेत. रेंगाळली तर पात्यांवर तेल आलंय. पेंटाकॉनचं हे नेहमीचं दुखणं. हेलिकॉइडचं (फोकसच्या आट्यांचं) जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं, आणि बिचाऱ्या स्प्रिंगला ते चिकटलेलं वजन ओढवत नाही. हेलिओसच्या पात्यांवर तेल असलं तरी ती तुम्ही हाताने फिरवता, स्प्रिंग नाही, त्यामुळे काम अडत नाही. पण तेल उडून आतल्या काचेवर बसतं आणि धुरकट थर येतो, म्हणून तिथेही दुर्लक्ष नको.

सफाईला लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था. रॉकेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. पात्यांना पुन्हा तेल द्यायचं नसतं, ती कोरडीच चालतात.

हेलिओस फिरवायला जड असेल तर आतलं ग्रीस वाळलंय. फोकस रिंगवरचे तीन बारीक स्क्रू सैल करून रिंग काढली की हेलिकॉइडपर्यंत जाता येतं. दोन भाग ज्या क्षणी सुटतात ती जागा दोन्हींवर सुईने खुणावून ठेवा, फोटोही काढा. आटे अनेक तोंडांचे असतात, चुकीच्या तोंडातूनही छान बसतात आणि मग अनंत गायब. टाकुमारचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे. बाजारातला फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो, मग ड्रिलची वेळ येते.

पावसाळ्याचं एक. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, बुरशीला ते खाद्यच. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवा आणि गार झाल्यावरच डब्यात टाका. विकत घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, सगळीकडे सारखी धूसरता असेल तर तेलाचा थर, कडेला इंद्रधनुषी चकती असेल तर दोन भिंगांमधला डिंक सुटलाय. पहिल्या दोन्ही निघू शकतात (बुरशीने कोटिंग खाल्लं नसेल तर). तिसऱ्याच्या नादी लागू नका.

सावकाश_शटर

पिवळेपणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तो टाकुमारचा ‘उबदार रंग’ वगैरे नाही. ५५/१.८ च्या बऱ्याच प्रतींमध्ये आणि ५० मिमी एफ/१.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीत किरणोत्सारी थोरियम मिसळलेली काच आहे. थोरियममुळे अपवर्तनांक वाढतो पण रंगांचं विखुरणं फारसं वाढत नाही, म्हणून त्या काळी ती वापरली. त्याच किरणोत्सारामुळे वर्षानुवर्षं काच आतून पिवळी पडते. पांढऱ्या कागदावर ठेवून आरपार बघा, लगेच कळेल. पिवळी काच प्रकाशही खाते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत कॅमेऱ्याने ते शटर हळू करून भरून काढलं आणि तुम्हाला लेन्स ‘मंद’ वाटली.

इलाज अतिनील प्रकाश. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा मागच्या काचेजवळ, लेन्सच्या पुढच्या तोंडाला आत चमकदार बाजू करून अ‍ॅल्युमिनिअम फॉइल. काही दिवस ते काही आठवडे लागतात, रोज कागदावर ठेवून बघत राहा. दिव्याकडे थेट पाहू नका. उन्हानेही होतं, पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ग्रीस वितळून पात्यांवर येईल. शिवाय दोन्ही झाकणं काढून खिडकीत ठेवलेली लेन्स म्हणजे आगकाडी आहे, खालचा पडदा पेटतो. किरणोत्साराची धास्ती नको: फोटो काढायला हरकत नाही, मात्र ती काच घासायची नाही, फोडायची नाही आणि तिचं आयपीस करायचं नाही.

काचवेडा यांच्याशी एका गोष्टीत माझं जुळत नाही. लांबची इमारत धारदारपणासाठी ठीक, पण या तीन लेन्स कुणी धारदारपणासाठी घेत नाही. एफ/८ ला तिघींत फरक शोधायला भिंगच लागेल. तुलना करायची ती उघड्या अ‍ॅपर्चरला मागच्या पसाऱ्याची, आणि तिथे चौकट सारखी हवी. ५० मिमी २ मीटरवर असेल तर ५५ मिमी २.२ वर आणि ५८ मिमी २.३२ वर न्या. चौकट सारखी केली की दूरच्या पार्श्वभूमीचा धूसरपणा अ‍ॅपर्चरच्या व्यासावर ठरतो: हेलिओस २९ मिमी, टाकुमार ३०.६, पेंटाकॉन २७.८. म्हणजे धूसरपणाचं प्रमाण जवळपास एकच, कोण ‘जास्त ब्लर’ देते हा वादच फोल. वेगळा आहे तो धूसर ठिपक्यांचा आकार.

हेलिओसचा भोवरा वर्तमानपत्रावर कसा दिसेल? सहा भिंगं चार गटांत ही तिची रचना झाइसच्या विली मेर्टे यांच्या बायोटारवरून आलेली. कडेला लेन्सची नळी तिरक्या किरणांना कापते, गोल ठिपका मांजराच्या डोळ्यासारखा होतो आणि तो केंद्राभोवती गोलाकार रांगेत मांडला जातो. त्यात कडेचा अ‍ॅस्टिग्मॅटिझम भर घालतो. यासाठी मागे ठिपके हवेत: माणूस दीड ते अडीच मीटरवर, त्याच्यामागे ६ ते १० मीटरवर पानांतून आकाशाचे कवडसे दिसणारं झाड. अ‍ॅपर्चर एफ/२. एफ/४ ला गेलात की भोवरा संपला, कारण तेव्हा नळी आड येत नाही. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर तर कडाच कापल्या जातात, तिथे निम्मी मजा जाते.

आणि एक सोय, तिघींचाही फिल्टरचा आटा ४९ मिमी. एकच हूड घ्या आणि उलट्या प्रकाशातली तुलना हूड लावून एकदा, काढून एकदा करा.

काचवेडा

चौकटीचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून राहिला. पण क्रम बदलू नका. तिरक्या अ‍ॅडॉप्टरवर पाहिलेला बोके (पार्श्वभूमीच्या धूसरपणाचा पोत) एका बाजूला वेगळा दिसतो आणि लोक त्यालाच लेन्सचा स्वभाव म्हणतात. उलट्या प्रकाशासाठी अ‍ॅडॉप्टरची आतली भिंतही बघा. चकचकीत असली तर मधोमध पांढुरकं धुकं येतं आणि बोल बिचाऱ्या हेलिओसच्या कोटिंगला लागतो. आत काळा मखमली कागद लावा.

उनसावली

अदलाबदल केली. मऊ बाजू साध्या अ‍ॅडॉप्टरबरोबरच राहिली, टाकुमारचीही डावी कड गेली. व्हर्निअरवर एका बाजूला २७.३१ आणि समोर २७.४१ आलं. पेंटाकॉन कड्याच्या अ‍ॅडॉप्टरवर नीट मिटते, पाती झटकन हलतात. हा अ‍ॅडॉप्टर फेकून द्यावा की दुरुस्त होतो? आणि हेलिओस कुठल्या कारखान्याची हे पाहून काही ठरतं का?

पेचकस

कॅमेऱ्याकडची बायोनेट कडी चार स्क्रूंनी बसवलेली असेल तर होतो. कडी काढा, २७.३१ भरली त्या बाजूच्या स्क्रूजवळ ०.१ मिमीची पातळ पत्री ठेवा, मधल्या दोघांजवळ त्याच्या निम्मी, समोर काही नाही. घरचा अ‍ॅल्युमिनिअम फॉइल चालतो: दहा थर एकत्र मोजून दहाने भागा, किती थर लागतील ते कळेल. तुकडे स्क्रूत ओवलेले असू द्या, नाहीतर सुटून सेन्सरवर पडतील. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि परत चारही जागी मोजा. फरक ०.०२ च्या आत आला की थांबा, त्याखाली तुमच्या व्हर्निअरचंच खरं नाही.

कारखान्याचं म्हणाल तर प्रिझममधून जाणारा किरण हे चिन्ह रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचं. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बऱ्याचदा सालाचे असतात. ४४-२ मिन्स्कला आणि वाल्दाईलाही बनली. चिन्हावरून भाव ठरतो, फोटो नाही. इतक्या वर्षांत कुणी किती वेळा उघडली आणि कशी बंद केली यानेच प्रतीप्रतीत जास्त फरक पडतो. पुढच्या नावाच्या कड्याच्या खाचांवर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का ते आधी बघा.