रोजचा गोंगाट मांडून दाखवला, तर त्यात कलावंताचे काय?

धागाकर्ता :
रस्त्यावरची वर्दळ, पुलाचे कंपन, यंत्रांची घरघर अशा आवाजांतून मांडणशिल्प उभे करणाऱ्यांना ‘आवाज जगाचा, मग तुमचे काय?’ असे हमखास विचारले जाते. हा आक्षेप मला पटत नाही. अमेरिकी ध्वनी-कलावंत बिल फोंटाना यांनी २००६ साली लंडनच्या मिलेनियम पुलावर कंपन टिपणारे संवेदक बसवले आणि पुलाच्या पोलादी दोरांतले कंपन टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये थेट ऐकवले. पुलावरून चालणाऱ्याच्या कानांवर ते सहसा पडत नाही, कारण ते धातूच्या आत असते. कान नेमका कुठे लावायचा, हे ठरवणे हीच इथली निर्मिती आहे.

विरोधी प्रतिसाद :
उदाहरण सोयीचे आहे, कारण त्या आवाजाने कोणाची झोप मोडत नाही. मी काही वर्षे हमरस्त्याला लागून असलेल्या खोलीत काढली. अवजड वाहन आले की आधी खिडकीची काच चौकटीत किणकिणायची, मग पलंगाच्या लोखंडात थरथर उतरायची, आणि ती विरली तरी पुढच्या वाहनाच्या धास्तीने मी जागाच असायचो. हाच आवाज अंधाऱ्या दालनात, वाटेल तेव्हा उठून जाता येणाऱ्या प्रेक्षकापुढे मांडला, तर त्यातली सक्ती गळून पडते, आणि माझ्या मते गोंगाट म्हणजे मुळात ती सक्तीच. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी आवाजाची मूळ जागेपासून होणारी फारकत ‘स्किझोफोनिया’ या शब्दात पकडली, ती याच काळजीपोटी.

धागाकर्ता :
सक्तीचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण तो दालनात आणलेल्या आवाजापुरता आहे. अमेरिकी ध्वनी-कलावंत मॅक्स नॉयहाउस यांनी १९७७ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, पादचाऱ्यांच्या बेटावरील लोखंडी जाळीखाली, अखंड घुमणारा नाद बसवला. तो १९९२ पर्यंत चालला आणि २००२ पासून पुन्हा सुरू आहे. तिथे फलकही नाही. जाणाऱ्याच्या लक्षात आला तर आला.

आणखी एक प्रतिसाद :
हे उदाहरण तुमच्याच मुद्द्याला छेद देते. नॉयहाउस यांनी रस्त्याचा आवाज उचलला नाही, इलेक्ट्रॉनिक नाद तयार करून त्यात मिसळला. तरीही विरोधी प्रतिसादाशी मी सहमत नाही. नाण्याएवढी पिएझो चकती, म्हणजे कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा तुकडा, जिन्याच्या कठड्याला चिकटवून मी पाऊस ऐकला आहे. हवेतून एकसारखी वाटणारी सर धातूतून थेंबाथेंबाने सुटी होते. आधी काच, मग लोखंड, मग धास्ती हा विरोधी प्रतिसादात सांगितलेला क्रमही तितक्याच बारकाईने ऐकलेला आहे. त्याच क्रमाने कोणी मांडणी केली, तर तीही खोटी ठरेल का?

विरोधी प्रतिसाद :
ठरणार नाही, मात्र दोन अटींवर. पुढचे वाहन कधी येणार, हे प्रेक्षकाला कळता कामा नये. आणि दालनात बाकांऐवजी पलंग हवा.