मदत हवी आहे: वाचनालयाचा फॉर्म ज्येष्ठ सभासदांना भरता येत नाहीये

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करतोय. घरबसल्या पुस्तक राखून ठेवता यावं, एवढंच काम. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. गेल्या रविवारी पाच जणांना त्यांच्याच मोबाइलवर फॉर्म भरायला दिला आणि मी शेजारी गप्प बसून राहिलो. दोघांनाच तो शेवटपर्यंत नेता आला.

पहिल्याच काकूंनी मोबाइल नंबर मराठी कीबोर्डवरून टाकला. दहाच्या दहा आकडे बरोबर, तरी खाली लाल अक्षरांत ‘चुकीचा क्रमांक’. तीनदा तपासून त्या मला म्हणाल्या, "माझाच नंबर विसरले की काय रे मी?" ते फार लागलं मला. चूक माझी होती. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (म्हणजे मजकूर ठरावीक साच्यात आहे का, हे तपासणाऱ्या नमुन्यातली) अंकांची खूण फक्त इंग्रजी आकडे धरते. आता तपासण्याआधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घेतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ते ओळीने असल्यामुळे दोन-चार ओळींत भागलं.

जन्मतारखेचं कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडायचं. १९५२ सालच्या माणसाने मागचा बाण आठशेहून जास्त वेळा दाबायचा! ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये जन्मतारखेला दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने सुचवलेत, तसं केलं. (मुळात पुस्तक द्यायला जन्मतारीख लागते कशाला, हेही समितीला विचारणार आहे.)

अडलोय ते पुढे. ‘राखून ठेवा’ दाबलं की इथल्या नेटवर चार-पाच सेकंद काहीच हलत नाही, म्हणून लोक पुन्हा दाबतात. एका काकांच्या नावावर एकच कादंबरी तीनदा नोंदली गेली. पहिल्या दाबण्यानंतर बटण बंद करून पाहिलं, तर ते फिकट झालेलं बघून "बिघडलं वाटतं" म्हणत काका मागच्या पानावर गेले आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं.

बटण तसंच ठेवून त्यावर ‘नोंद होत आहे, थांबा’ असं दाखवलं तर पुरेल का? दुहेरी नोंद सर्व्हरवरच अडवायला टोकन (फॉर्मसोबत जाणारी, एकदाच चालणारी खूण) वापरतात असं वाचलं. पीएचपी या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमिंग भाषेत ते कुणी केलंय का? आणि मागे गेल्यावर माहिती टिकायला सेशन स्टोरेज (टॅब बंद होईपर्यंत माहिती धरून ठेवणारी ब्राउझरमधली जागा) वापरावं, तर वाचनालयातल्या सामायिक संगणकावर टॅब उघडा राहिला की एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल. तिथे काय करावं?

येत्या रविवारी तेच पाच जण पुन्हा येणार आहेत. त्याआधी काही सुचवलंत तर फार बरं होईल.