ग्राहक आयोगाची नोटीस आल्यावर केस पेपरमध्ये राहिलेली नोंद करावी का?

प्रश्न (शल्यचिकित्सक, मुलुंड):
माझे बारा खाटांचे नर्सिंग होम आहे. दुर्बिणीने पित्ताशय काढल्यानंतर एका रुग्णाला पित्तगळती झाली. दुसऱ्या रुग्णालयात पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घातल्यावर तो बरा झाला, पण आता जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली आहे. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी पोट दुखत असल्याचा नातेवाइकांचा फोन आला, तेव्हा त्याला लगेच घेऊन या असे मी सांगितले होते. ते दोन दिवसांनी आले. त्या फोनची नोंद केस पेपरवर नाही. ती आता करून ठेवावी का?

उत्तर (वकील, दादर):
मुळीच नको. तक्रारदाराने आधीच प्रती घेतल्या असतील, तर दोन प्रतींमधला फरक दाखवणे त्यांच्या वकिलाला पुरेसे होईल आणि तुमचा खरा बचावही खोटा वाटू लागेल. फोनची हकीकत प्रतिज्ञापत्रावर सांगा आणि कॉलची नोंद जपून ठेवा. अर्थात तिच्यावरून फोन झाला एवढेच सिद्ध होते, बोलणे काय झाले ते नव्हे. लेखी जबाबासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ३० दिवस आणि आयोगाने दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरवले आहे. हे दिवस तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हाती पडल्यापासून मोजतात, म्हणून पाकिटासह सारे जपा.

उत्तर (निवृत्त सर्जन, गिरगाव):
पित्तगळती ही या शस्त्रक्रियेतील ज्ञात गुंतागुंत आहे, आणि केवळ गुंतागुंत झाली म्हणून हलगर्जी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू खटल्यातील निकालापासून (२००५) स्पष्ट आहे. खरा प्रश्न ती कधी ओळखली आणि पुढे काय केले हाच असेल. त्यामुळे ऑपरेशन नोट, नर्सच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्डावरील सूचना (हस्ताक्षर लागले तर!) आधी काढून वाचा. संमतिपत्रावर पित्तनलिकेच्या इजेचा उल्लेख आहे, की छापील कागदावर नुसती सही, तेही पाहा. तज्ज्ञाचे मत घेताना हीच शस्त्रक्रिया नियमित करणारा सर्जन गाठा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. संमतिपत्र छापीलच आहे. रुग्णांच्या दाव्यांसाठी मी विमा घेतला आहे, त्या कंपनीला मात्र अजून कळवलेले नाही.

उत्तर (वकील, दादर):
आजच लेखी कळवा, आणि नातेवाइकांना परस्पर पैसे देऊ करू नका. कंपनीच्या संमतीशिवाय केलेली तडजोड ती नाकारू शकते.