कार्यअहवाल आलाय, केबिनमधून घेऊन जाणे

सी-१०१ काकू: वॉचमनच्या केबिनमध्ये आमदारांचा कार्यअहवाल ठेवलाय, फ्लॅटला एक घ्या म्हणतोय तो. कागद एवढा भारी आहे की रद्दीत टाकवेना, मी आपला मसाल्याच्या कपाटात अंथरला

बी-४०४ सेक्रेटरी: कृपया राजकीय पोस्ट नकोत. ग्रुपचा उद्देश फक्त सोसायटीची कामे. 🙏

बी-२०४: सेक्रेटरीसाहेब पुस्तक सोसायटीच्या केबिनमध्ये ठेवायला परवानगी कोणी दिली मग?

बी-४०४ सेक्रेटरी: आमदारांच्या ऑफिसची मुलं आली होती, ठेवून गेली. चर्चा मर्यादेत असू द्या एवढंच.

डी-६०३: मी चाळलं पूर्ण. ६४ पानं आहेत. बाक, ओपन जिम, हायमास्ट दिवे, हळदीकुंकू, चष्मेवाटप, नंतर परत बाक. अधिवेशन हा शब्द मला एकदाच सापडला, तो पण विधानभवनाच्या पायऱ्यांवर काढलेल्या फोटोखाली

ए-१०५: मग काय वाईट आहे, बाकांवर आपलेच म्हातारे बसतात ना

सी-१०१ काकू: म्हातारे कोण??

ए-१०५: सॉरी काकू ज्येष्ठ नागरिक

डी-६०३: वाईट नाही हो, पण आमदार कशासाठी असतो? म्हणजे बाक नगरसेवक पण बसवू शकतो ना

बी-२०४: नगरसेवक होते कुठे, २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसला महापालिकेत, त्यानंतर कितीतरी वर्षं निवडणूकच नाही, मग ड्रेनेज तुंबलं तरी माणूस आमदारांच्याच ऑफिसात जाणार. मी स्वतः गेलेय दोनदा टँकरसाठी. माणसं चांगली बोलतात, चहा पण दिला, वहीत नाव नंबर लिहून घेतला. पुढे काय झालं विचारू नका

ए-३०२ काका: नमस्कार. उशिरा वाचतोय. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालो हे काही जणांना माहीत आहे, तर थोडं लिहितो, लांबलं तर माफ करा.
आमदाराचं मूळ काम सभागृहातलं. कायदा करणं, बजेट तपासणं आणि सरकारला प्रश्न विचारणं. तारांकित प्रश्न असतो त्याला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकितला लेखी उत्तर. तातडीचा विषय असेल तर लक्षवेधी, विधानसभेत नियम १०५ खाली. मोठी चर्चा हवी असेल तर नियम २९३. अधिवेशन लागलं की आमच्या डेस्कवर कोणाला रजा नसायची, रात्री अकरापर्यंत उत्तरं लिहीत बसायचो, शेवटची कर्जत लोकल चुकली की स्टेशनवर झोपलेलो आहे मी. तेव्हा कोणता आमदार खरा अभ्यास करून प्रश्न देतो आणि कोणाचा प्रश्न सकाळचा पेपर बघून तयार होतो हे आम्हाला कागद हातात घेतल्या घेतल्या कळायचं

डी-६०३: काका हे सगळं पब्लिक असतं का

ए-३०२ काका: असतं. विधानमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नांच्या याद्या आणि सभागृहाची कार्यवाही मिळते. शोधायला कटकट आहे पण मिळते. शिवाय निवडणुकीला उभं राहताना नमुना २६ चं शपथपत्र देतात, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं. आपण मतदानाच्या आधी ते कधी उघडलंय? मी पण नाही उघडलं, खरं सांगतो.

ए-१०५: पण निधी आणतात की ते. पान १२ बघा "माझ्या निधीतून" असं लिहिलंय प्रत्येक कामाखाली

ए-३०२ काका: "माझ्या" हा शब्द खोडा तिथला. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, २०२० पर्यंत २ च होता, मग ३, ४ करत २०२२ ला ५ झाला. पैसा सरकारचा. आमदार काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे सोडणं जिल्हा प्रशासनाचं. कोणतं काम किती रुपयांचं आणि ठेकेदार कोण हे माहिती अधिकारात मागता येतं, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. पुस्तकात फोटो आहेत, रक्कम एकाही पानावर नाही हे बघितलंत का?

डी-६०३: हो ना! मला तेच खटकलं होतं पण शब्द सापडत नव्हता. बरं काका मी असं करतो, वेबसाइटवरून त्यांचे प्रश्न मोजतो आणि शेजारच्या मतदारसंघाशी तुलना करून एक्सेल टाकतो ग्रुपवर

ए-३०२ काका: मोजा, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. एकेका प्रश्नावर दहा-वीस आमदारांची नावं असतात, विचारणारा एक आणि सह्या बाकीच्यांच्या. माणूस मंत्री झाला की प्रश्न विचारत नाही, त्याचा आकडा शून्य दिसेल, म्हणजे झोपलाय असं नाही. आणि नुसतं प्रश्न विचारणं म्हणजे पुण्य असंही नाही, २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेतून ११ खासदारांना घालवलं होतं, विसरलात का

ए-१०५: काका आमच्या सांगोल्याचे आबासाहेब आठवले एकदम. गणपतराव देशमुख. शेकापचे. ११ वेळा निवडून आले एकाच तालुक्यातून, १९६२ पासून २०१४ पर्यंत, मध्ये ७२ ला आणि ९५ ला पडले तरी माणूस तिथंच. एसटीनं मुंबईला जायचे अधिवेशनाला. माझे वडील सांगायचे की स्टँडवर आबा दिसले की लोक तिथंच अर्ज काढायचे खिशातून, वेगळं ऑफिस बिफिस काही नाही. आणि बोलायचे कशावर तर पाणी, दुष्काळ, कापूस, सूतगिरणी. तेच तेच वर्षानुवर्षं. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या दुष्काळी पाणी परिषदेला पण उभे. २०२१ ला गेले

बी-२०४: एसटीनं जायचे म्हणून चांगले असं काही नाही हं, साधेपणा वेगळा आणि काम वेगळं. आपल्याकडे चप्पल साधी घातली की लगेच संत करतात

ए-१०५: वहिनी म्हणूनच म्हटलं ना पाण्यावर बोलायचे म्हणून. एसटी हे आपलं जाता जाता

सी-१०१ काकू: माझं माहेर गोरेगावचं. मृणालताई गोरे आमच्या. पाणीवाली बाई म्हणायचे, नळाला पाणी यावं म्हणून बायकांना घेऊन मोर्चे, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन, माझी आई होती त्यात, तिचं लाटणं मोडलं होतं त्या दिवशी आणि घरी येऊन वडिलांना सांगितलं की नवीन आणा. पण लोकांना एवढंच आठवतं. पोटातल्या बाळाची मुलगा-मुलगी तपासणी बंद करा म्हणून विधानसभेत खासगी विधेयक आणलं होतं त्यांनी, विरोधी पक्षात असून. १९८८ ला महाराष्ट्राचा कायदा झाला, देशाचा कायदा यायला १९९४ उजाडलं. मी दवाखान्यात नर्स होते तेव्हा, फरक काय पडला आणि काय नाही पडला दोन्ही बघितलंय

डी-६०३: काकू हे माहीत नव्हतं

ए-३०२ काका: काकूंनी बरोबर मुद्दा पकडला. आपली रोजगार हमी घ्या. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, त्यांच्या डोक्यातून आलेली योजना, १९७७ चा राज्याचा कायदा. केंद्राने त्यानंतर २८ वर्षांनी केला. या माणसाच्या नावाने चष्मेवाटप झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

बी-२०४: संपर्काचं पण बोला ना कोणीतरी. मला दर वाढदिवसाला सकाळी ७ ला आमदारांचा मेसेज येतो फोटोसकट. मी विचार करत होते यांना तारीख कुठून मिळाली, मग आठवलं की आरोग्य शिबिरात फॉर्म भरला होता, त्यात लिहिली होती. शुगर किती आली ते मात्र त्यांनी अजून कळवलेलं नाही. त्याच नंबरवर मी टँकरचं लिहिलं तर दोन निळ्या टिका आणि दुसऱ्या दिवशी वसुबारसच्या शुभेच्छा

ए-१०५: हाहाहा

बी-२०४: हसू नका, म्हणजे एकाच बाजूनं चाललंय सगळं. ते आम्हाला कळवतात, आम्ही कळवलेलं जातं कुठे?

बी-४०४ सेक्रेटरी: विषय वाढतोय. कोणाला काही ठोस मागणी असल्यास सांगा, मी लेटरहेडवर पत्र देतो, रविवारी ते फेज २ ला येणार आहेत.

ए-१०५: पेव्हर ब्लॉक मागा

डी-६०३: बाहेरच्या रस्त्याचा स्पीड ब्रेकर

सी-१०१ काकू: बाक नको आता. बाक पुरे

ए-३०२ काका: माफ करा पण हीच आपली खोड आहे. तासभर मी काय लिहिलं मग? आपण पेव्हर ब्लॉक मागतो म्हणून पुस्तकात पेव्हर ब्लॉकचे फोटो येतात. महापालिकेचं महापालिकेला मागा. जे फक्त आमदार करू शकतो ते मागा ना

डी-६०३: उदाहरणार्थ?

ए-३०२ काका: आपलं कन्व्हेयन्स झालंय का? जमीन अजून बिल्डरच्या नावावर. फ्लॅट घेणाऱ्यांसाठीचा मोफा कायदा १९६३ चा, त्याच्या नियमात लिहिलंय की सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरने जमीन नावावर करून द्यायची. देत नाहीत म्हणून २००८ ला कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरण आणलं, तुम्ही डीम्ड कन्व्हेयन्स म्हणता ते, म्हणजे बिल्डर आला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर. आपला बिल्डर फेज ३ बाकी आहे म्हणून किती वर्षं टोलवतोय सेक्रेटरींना विचारा.
दुसरं. सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला आपल्यासारख्या गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण टाकलं, १३-ब. कायदा झाला, पण नियमांचा मसुदा हरकतींसाठी यायला २०२५ उजाडलं. सहा वर्षं. या सहा वर्षांत आपल्या आमदारांनी त्यावर काही विचारलं का? हे मला त्या ६४ पानांत वाचायला आवडलं असतं.

बी-४०४ सेक्रेटरी: काका हे खरं आहे. एजीएमला दरवेळी कोणीतरी विचारतं की नियम काय सांगतो, मी जुने उपविधी दाखवतो आणि सगळे माझ्यावर ओरडतात.

ए-१०५: थकबाकीवर २१ टक्के लावता तेव्हा उपविधी बरोबर सापडतात तुम्हाला

बी-४०४ सेक्रेटरी: ए-१०५ आपले दोन क्वार्टर बाकी आहेत. पर्सनलवर बोलू.

ए-१०५: 🙏

डी-६०३: काका मग प्रश्न आपणच लिहून दिला तर? ते विचारतील का

ए-३०२ काका: विचारतील का ते त्यांच्यावर. पण तयार कागद दिला की पीए लोकांना बरं पडतं, तसाच्या तसा पुढे जातो, आमच्याकडे असे कितीतरी यायचे, खाली सोसायटीचं नाव पुसायचं पण राहून जायचं. त्याचा साचा ठरलेला आहे. थांबा टाइप करतो, हात अजून विसरला नाही

ए-३०२ काका: (१) राज्यातील अनेक सहकारी गृहनिर्माण संस्थांचे मानीव अभिहस्तांतरण प्रलंबित आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर जिल्ह्यात किती प्रस्ताव जिल्हा उपनिबंधकांकडे प्रलंबित आहेत व त्यातील एक वर्षाहून जुने किती,
(३) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

बी-२०४: वा काका, एकदम सरकारी. यावर उत्तर काय येतं?

ए-३०२ काका: मी लिहायचो ते सांगू? "(१) हे अंशतः खरे आहे." आणि शेवटच्याला "प्रश्न उद्भवत नाही." पण (२) मध्ये आकडा मागितलाय म्हणून तो प्रश्नाचा जीव, आकडा द्यावाच लागतो, तिथे आम्हाला घाम फुटायचा.

बी-४०४ सेक्रेटरी: ठीक. मी हे पत्रासोबत जोडतो. मजकूर: "सविनय नम्र विनंती की आपल्या कृपेने..."

सी-१०१ काकू: कृपा बिपा काढा. आणि पत्र स्पीड पोस्टाने पण पाठवा, रविवारी हार-तुऱ्यात हरवेल

बी-४०४ सेक्रेटरी: बरं. केबिनमध्ये ठेवतो, ज्यांना सही करायची त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत करावी.

सी-१०१ काकू: आणि सेक्रेटरीसाहेब आता मला साचा कळलाय तर,
(१) सी विंगची लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे हे खरे आहे काय,
(२) असल्यास, गुडघे दुखणाऱ्या सभासदांनी तिसऱ्या मजल्यावरच्या भिशीला कसे जावे,
(३) नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत ?

बी-४०४ सेक्रेटरी: (१) हे अंशतः खरे आहे. पार्ट उद्या येतोय.

सी-१०१ काकू: उद्या किती वाजता, तो आकडा द्या