शेततळ्यातल्या कटल्यांना व्रण, तपासणी कुठे होईल?

मंडळी, हुक्केरीकडे भावाचं शेततळं आहे, रोहू-कटला सोडलाय. थंडी पडल्यापासून कटल्यांच्या अंगावर लाल चट्टे, काहींचे खवले गळून खोल व्रण पडलेत. अर्गुलस, म्हणजे माशांच्या उवा, नुसत्या डोळ्यांना दिसतात, त्या नाहीत. मला शंका अ‍ॅफॅनोमायसिसची, म्हणजे माशांना व्रण पाडणाऱ्या बुरशीसारख्या जंतूची, तो थंड पाण्यात बळावतो. दुकानदार सरळ अँटिबायोटिक काढून देतोय, पण बुरशीसारख्या रोगावर त्याचा काय उपयोग? शिवाय वरच्या उसातलं पाणी खता-औषधांसकट तळ्यातच उतरतं. म्हणून मासा आणि पाणी दोन्ही तपासायचंय. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात कुणी नमुना दिलाय का? मासा जिवंत न्यायचा की बर्फात? बेळगाव-कोल्हापूरकडे जवळ कुठे सोय असली तर सांगा की. आणि तोवर चुना टाकावा का?