अंगणातले सोलर दिवे तासाभरात विझतात, मदत हवी आहे

पायवाट
फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर जमिनीत बसवायचे चकतीसारखे सोलर दिवे लावले आहेत. सुरुवातीला मध्यरात्रीनंतरही चालायचे. आता बहुतेक तासाभरात मंद होऊन विझतात, ओट्याजवळचे दोन तर लागतच नाहीत. नेमके तेच मला हवेत, कारण बाबांना अंधारात पायरी दिसत नाही. बॅटऱ्या बदलून झाल्या, वरच्या काचा पुसून झाल्या, काडीचा फरक नाही. नवे घ्या असं कृपया सांगू नका, आहेत ते कसे चालतील तेवढं सांगा. जरा लवकर सांगितलंत तर बरं.

निवडुंग
नवे घ्या म्हणत नाही, पण सोलर सोडा असं नक्की म्हणेन. घरातून १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा, जमिनीखालून पाइपातून वायर न्या आणि वाटेवर वायरचे दिवे बसवा. ढग असोत, सावली असो, दिवा लागणार म्हणजे लागणार. मी तेच केलं आणि तेव्हापासून या भानगडीत पडलेलो नाही.

रेझिस्टर
त्यांनी आहेत ते दिवे कसे चालतील असं विचारलंय. पायवाट, आधी हे सांगा: जुनी बॅटरी कुठली होती आणि नवी कुठली घातलीत? तिच्यावर छापलेलं सगळं इथे उतरवा. दिव्यांवर ऊन कधी ते कधी पडतं? आणि जवळपास रात्री चालू राहणारा दुसरा दिवा आहे का?

मृगसरी
पावसाळा होऊन गेलाय का? मग आत पाणी गेलंय, दुसरं काही नसतं. काचेच्या कडेने सगळीकडून सिलिकॉन लावून टाका. माझे असेच बंद पडले होते.

पायवाट
जुन्या बॅटरीवर १.२ व्होल्ट, ६०० होतं. दुकानदार म्हणाला मोठी घाला म्हणजे जास्त वेळ चालेल, म्हणून २५०० ची घातली. तीही रिचार्जेबलच आहे. ऊन भरपूर असतं अंगणात. पाऊस होऊन गेला, पण काचेच्या आत पाणी दिसत नाही.

रेझिस्टर
मोठ्या बॅटरीने इथे काही साधणार नाही, का ते सांगतो. अडचण टाकीची नाही, नळाची आहे. चकतीवरचं छोटं पॅनेल भर उन्हात समजा ३० मिलिअँपिअर देतंय. सहा तास थेट ऊन मिळालं तर दिवसाला १८० मिलिअँपिअर-तास जमा होतात, त्यातलेही काही चार्जिंगमध्येच वाया जातात. दिवा बॅटरीतून ६० ओढत असेल तर तीन तासांत खेळ संपला. बॅटरी ६०० ची असो की २५०० ची, जमा झालंय तेवढंच बाहेर येणार.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते वेगळं काढू. त्या २५०० च्या बॅटऱ्या घरच्या चार्जरवर पूर्ण भरा, दिव्यात घाला आणि पॅनेल तळहाताने घट्ट झाका. दिवा लागला आणि रात्रभर टिकला, तर एलईडी आणि आतलं सर्किट ठणठणीत आहे, कमी पडतंय ते पॅनेल किंवा ऊन. भरलेली बॅटरी घालूनही लागला नाही, तर बॅटरीच्या टोकांच्या स्प्रिंगवर गंज किंवा हिरवट थर आलाय का पाहा. तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढा.

भुईचाफा
चार्जर नसला तर साध्या पेन्सिल सेलने पण कळेल ना? मापाने तर तेवढाच असतो.

रेझिस्टर
दिवा लागतो का एवढं बघायला दोन मिनिटं चालेल, तेही पॅनेल झाकून ठेवलेलं असताना. पण साधा अल्कलाइन सेल आत विसरू नका. उजाडलं की पॅनेल त्याला चार्ज करायला जातं, तो त्यासाठी बनलेलाच नसतो. सेल गळतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. दुसरं म्हणजे काही दिव्यांत त्याच मापाचा ३.२ किंवा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो. तो १.२ च्या दिव्यात किंवा १.२ चा तिथे घालायचा नाही. माप बघून नाही, छापलेला व्होल्टेज बघून घ्यायचा.

वाटसरू
मृगसरी, सिलिकॉनचं घाईने करू नका म्हणेन. दिवसा आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडते, रात्री गार झाली की कुठल्यातरी फटीतून दमट हवा आत ओढली जाते. आत ओल असताना कडा बंद केल्या तर ती तिथेच अडकते, सकाळी काचेच्या आतून बाष्प धरतं आणि सर्किट गंजतं. आधी उघडून उन्हात एक-दोन दिवस पूर्ण सुकवायचं, मग सील करायचं. आणि दिव्याखाली मूठभर खडी हवीच. माती चिकट असेल तर तो खड्डा वाटीसारखा भरतो आणि दिवा पाण्यात बसतो.

मृगसरी
मी न सुकवता लावलं होतं आणि अजून चालू आहेत. शिवाय डब्यावर आयपी ६५ लिहिलेलं असतं, म्हणजे पाण्याला घाबरायचं कारण नाही.

वाटसरू
६५ मधला ५ हा फवाऱ्याच्या पाण्यासाठी असतो, पाण्यात बुडण्यासाठी नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल ही चाचणी ६७ वाल्यांची. भिंतीवरच्या दिव्याला ६५ पुरे, जमिनीत पुरायच्या दिव्याला ६७ बघावं. तुमची जमीन निचऱ्याची असेल म्हणून टिकले.

गवतफुला
दिव्यांपेक्षा मोशन सेन्सरवाला सोलर फ्लडलाइट घ्या, भिंतीवर उंच लावायचा. माणूस आला की लख्ख उजेड, चोराचीही भीती नाही.

वाटसरू
वयस्कर माणसाच्या डोळ्यांवर एकदम झोत आला तर उलट पायरी दिसेनाशी होते. तिथे कमी पण सलग उजेड हवा. दिवे दुरुस्त होईपर्यंत पायरीच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा चार बोटं रुंद पट्टा ओढा, चांदण्यातसुद्धा दिसतो.

पायवाट
पट्टा आजच ओढते. रेझिस्टर, तुम्ही सांगितलं तसं केलं. भरलेल्या बॅटरीवर वाटेवरचे सगळे रात्रभर चालले. ओट्याजवळच्या दोन्हींत पॅनेल हाताने झाकलं की लागतात, हात काढला की बंद! मी मल्टिमीटर लावून पण पाहिलं, सगळ्या पॅनेलवर उन्हात २ व्होल्टच्या वर येतंय. म्हणजे पॅनेल पण ठीक, बॅटरी पण ठीक. मग बिघडलंय काय?

निवडुंग
बघा, म्हणूनच म्हणत होतो, वायर.

रेझिस्टर
थांबा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात काढला की बंद, म्हणजे ओट्यावर बल्ब चालू असतो. या दिव्यात अंधार ओळखायला वेगळा सेन्सर नसतो, पॅनेलच ते काम करतं. पॅनेलचा व्होल्टेज उतरला की आतली चार पायांची चिप दिवा चालू करते. बल्बचा उजेड पॅनेलवर पडत राहिला तर तिच्या लेखी अजून दिवसच आहे.

आता २ व्होल्टचं. पॅनेलला काही जोडलेलं नसताना व्होल्टेज मंद उजेडातही बऱ्यापैकी दिसतो, त्यावरून पॅनेल शाबूत आहे एवढंच कळतं. मोजायचा असतो करंट. बॅटरी काढा, मीटर मिलिअँपिअरवर घ्या आणि टोकं थेट पॅनेलच्या दोन वायरींना लावा. एवढ्या छोट्या पॅनेलला त्याने काही होत नाही. भर उन्हात एकेका दिव्याचा आकडा घ्या, मग ढगाळ उजेडात घ्या. फरक डोळ्यांनी दिसेल. काच उघडलीच आहे तर पॅनेलवरचा थरही बघा, पारदर्शक आहे की दुधट-पिवळट.

भुईचाफा
थोडं अवांतर, पण वाटेच्या कडेला शेवंती असेल तर दिवे तिच्यापासून लांब ठेवा. शेवंतीला कळ्या धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. रात्री उजेड पडत राहिला तर नुसती पानंच वाढत राहतात. आणि पुढे कधी बदलाल तेव्हा पिवळसर उजेडाचे घ्या, निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात.

गवतफुला
शेवंतीचं माहीत नव्हतं. माझी फाटकाच्या दिव्याखालीच आहे, कळ्यांचा पत्ता नाही. कुंडी हलवली तर याच हंगामात फुलेल का?

भुईचाफा
दिवस लहान होत चाललेले असतील तर फुलेल. आजच हलवा.

पायवाट
ओट्यावर बल्ब असतो, हो. तो तिथे कायमच आहे, त्याचा यात संबंध असेल असं कोण म्हणेल. पण त्याची सावली नेमकी पायरीवर पडते म्हणून तर खाली दिवे लावले.

आकडे: वाटेवरचे १२ ते १५, फाटकाजवळचा एकच ३४. सगळे एकाच वेळी घेतलेले. १२ वाल्यांच्या पॅनेलवर दुधट थर आहे, काच स्वच्छ पुसलेली असूनही. फाटकाजवळचा कुंपणाच्या आडोशाला असतो, त्याच्यावर ऊन कमी. त्याचा आकडा जास्त कसा?

रेझिस्टर
ऊन कमी खाल्लंय म्हणूनच! पॅनेलवर ओतलेला राळेसारखा थर उन्हाने दुधट होतो आणि मग त्यातून उजेडच आत जात नाही. मोजताना तुम्ही सगळे उन्हात नेले, तिथे त्याचं पॅनेल सरस ठरलं. दुधट थरावर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल फिरवा. पांढरी मळी निघेल, ती धुवा, पुन्हा फिरवा. सुकल्यावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्या. आकडा पुन्हा घ्या, २५ च्या आसपास गेला तरी चांगलं झालं समजा.

ओट्याजवळच्या दोघांना हे करूनही पुरणार नाही. तिथे ऊन किती वेळ असतं?

पायवाट
सकाळी थोडा वेळ. नंतर घराचीच सावली.

रेझिस्टर
मग पॅनेल दिव्यातून काढून उन्हाच्या जागी न्या आणि दोन वायरींनी परत दिव्याला जोडा. करंट इतका कमी आहे की साधी बारीक दुहेरी वायर चालते, पाच-सात मीटरवरही काही अडत नाही. लाल लालला, काळी काळीला. जोड नुसता पिळून ठेवू नका, सोल्डर करा आणि वर हीटश्रिंक नळी चढवा, नाहीतर पहिल्याच पावसात हिरवा पडेल. पॅनेल आडवं न ठेवता तिरकं बसवा. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, धूळही कमी बसते. आणि पॅनेल बल्बपासून लांब गेलं की अंधार ओळखणंही त्याच्याबरोबर गेलं, म्हणजे ओट्यावरचा बल्ब चालू असतानाही पायरीजवळचे दिवे लागतील.

निवडुंग
एवढी वायर टाकणारच आहात तर अडॅप्टरची का नाही? सलग ढग असले की हे दिवे पुन्हा कमी पडणार, आणि पायरी त्या दिवशीही तिथेच असते. वाटेवर खुशाल सोलर ठेवा, पायरीला मात्र खात्रीचा दिवा द्या.

रेझिस्टर
पायरीपुरतं तुमचं म्हणणं मान्य आहे.

पायवाट
दोन दिव्यांचे थर घासून झाले, एकाचा आकडा १३ वरून २६ झाला. बाकीचे उद्या. पायरीचे दोन पॅनेल बाहेर काढून जोडते आणि ढगाळ दिवसांत काय होतं ते बघून अडॅप्टरचं ठरवते. निवडुंग, वायर पाइपातून नेताना किती खोल पुरलीत? वाटेवर कुदळ चालते आमच्याकडे.

निवडुंग
फूटभर. आणि पाइपाच्या वर विटांची एक ओळ ठेवा, कुदळ आधी विटेला लागते.