मालागा, ४ ते ८ जानेवारी: आईवडिलांसह चार रात्रींचा बेत कसा आखावा?

नेकरकाठ

नमस्कार. आम्ही स्टुटगार्टला राहतो. माझे आईवडील रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आले आहेत आणि नोव्हेंबरपासून त्यांना ऊन असे मिळालेलेच नाही. साडेचारला अंधारून येते, तेव्हा आई रोज न चुकता म्हणते, "दुपारचा चहा व्हायचाय आणि इकडे दिवेलागण झाली!" आमच्या राज्यात ६ जानेवारीला सुट्टी असते, म्हणून सोमवार ४ ते शुक्रवार ८ जानेवारी अशा चार रात्री दक्षिण स्पेनमध्ये मालागाला काढायचे ठरवले आहे. विमानाची तिकिटे घेतली आहेत, बाकी काहीच ठरलेले नाही.

वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे सपाटीवर ते तासभर सहज चालतात, पण चढ आणि पायऱ्या नकोत. मासे मात्र जीव की प्राण. आई माळकरी असून अंडेही खात नाही. तिला वरणभात करता यावा म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का? शिवाय एक दिवस ग्रानादाला जाऊन आल्हांब्रा हा जुना किल्ला-राजवाडा पाहणे या चार दिवसांत जमेल का?

दर्यावर्दी

कामानिमित्त मी दोन हिवाळे मालागात काढले आहेत. तुमच्या प्रश्नांआधी तुमच्या तारखांविषयी लिहितो, कारण सगळा बेत त्यांच्यावर अवलंबून आहे. ६ जानेवारी हा स्पेनमध्ये बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण असतो आणि परंपरेने मुलांना भेटवस्तू मिळतात त्या याच दिवशी. आदल्या संध्याकाळी, म्हणजे ५ तारखेला, शहराच्या मध्यभागातून राजांची मिरवणूक निघते. रथांवरून लिमलेटसारख्या गोड गोळ्यांचा अक्षरशः मारा होतो आणि जाणते लोक त्या झेलण्यासाठी छत्री उलटी धरून उभे राहतात. हा सोहळा आईवडिलांना अवश्य दाखवावा, मात्र त्या वेळी रस्ते बंद असतात, म्हणून राहण्याची जागा चालत गाठता येईल अशीच घ्यावी. ६ तारखेला मंडई, दुकाने आणि पिकासो संग्रहालय ही सगळी बंद असतात, हे आधीच गृहीत धरावे.

दुसरी गोष्ट उजेडाची. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे साडेआठच्या सुमारास उजाडते आणि सव्वासहाला सूर्य मावळतो, म्हणजे स्टुटगार्टपेक्षा संध्याकाळ सुमारे दीड तास लांबते. दुपारी साधारण १७ अंश आणि पहाटे ८ च्या आसपास तापमान असते. त्यामुळे वडिलांना सकाळी घाईने उठवण्यात काहीच हशील नाही. दहाला बाहेर पडावे, अकरा ते चार हा वेळ उन्हात घालवावा आणि पावसाचा एखादा दिवस संग्रहालयासाठी राखून ठेवावा, कारण तिथला बराचसा पाऊस हिवाळ्यात पडतो.

विमानतळावरून सी-१ ही लोकल तुम्हाला बारा-पंधरा मिनिटांत थेट मध्यवर्ती आलामेदा भागात सोडते. तिथून लारिओस रस्ता, बंदराचा धक्का आणि पार्कमधली झाडांखालची वाट हे सगळे सपाट आहे. आल्काथाबा हा अकराव्या शतकातला मुस्लिम राजवटीचा किल्ला चढणीवर असला, तरी नगरपालिकेच्या इमारतीमागच्या गियेन सोतेलो रस्त्यावरून वर जाणारी लिफ्ट आहे. ती अधूनमधून बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी. पायथ्याचे रोमन नाट्यगृह, जे १९५१ मध्ये योगायोगाने उजेडात आले, ते रस्त्यावरूनच छान दिसते. आल्काथाबाहून उंच असलेल्या खिब्रालफारो किल्ल्यापर्यंत ३५ क्रमांकाची बस जाते. पायी चढण्याच्या फंदात वडिलांनी अजिबात पडू नये.

कॅथेड्रलला गावकरी 'ला मान्कीता' म्हणजे 'थोटी' म्हणतात. १५२८ मध्ये सुरू झालेले काम १७८२ मध्ये थांबले आणि दुसरा मनोरा अर्धाच राहिला तो कायमचा. समोरच्या चौकात बसून तो पाहावा आणि रस्त्याकडेच्या झाडांना लगडलेली संत्री तोडू नयेत. ती इतकी कडू असतात की माझे तोंड दुपारपर्यंत वाकडे होते.

सांजवेळ

घराच्या मुद्द्यावर कळकळीने सांगते, कारण आम्ही त्यात पोळलो आहोत, किंवा खरे तर गारठलो आहोत. तिकडची जुनी घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. संगमरवरी फरशी, उंच छत, एकेरी काचा आणि घर तापवण्याची कायमस्वरूपी सोय बहुधा नाहीच. बाहेर उन्हात स्वेटर काढावा लागत होता आणि घरात शिरलो की तोच शालीखाली पुन्हा घालावा लागत होता. मालकांनी दिलेला छोटा विजेचा हीटर आणि शेगडी एकदम लावली की फ्यूज उडायचा. म्हणजे सासूबाई भात शिजेपर्यंत कुडकुडत बसायच्या आणि भात झाला की हीटरपुढे बसून जेवायच्या. धुतलेले मोजे तिसऱ्या दिवशीही ओलेच होते.

त्यामुळे घर घ्यायचेच असेल, तर 'कालेफाक्सिओन' म्हणजे घर तापवण्याची सोय किंवा गरम हवाही देणारा एसी आहे का, हे मालकांना लेखी विचारावे. इमारतीला लिफ्ट आहे का, हेही विचारावे. मला विचाराल, तर ओट्यापुरती सोय असलेली हॉटेलची खोली तुम्हाला अधिक सोयीची पडेल. राहण्याच्या जागी नोंदणीच्या वेळी सर्वांचे पासपोर्ट मागतात. विमान शेंगेन क्षेत्रातलेच असले तरी आईवडिलांचे व्हिसा असलेले पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावेत.

पायवाट

आल्हांब्राच्या बाजूने कोणीतरी बोलावे म्हणून लिहितो. मालागात सगळे बंद असते त्याच ६ तारखेला आल्हांब्रा उघडा असतो. त्याची सुट्टी २५ डिसेंबर आणि १ जानेवारी एवढीच. बसने पावणेदोन तास लागतात. तिकीट नावानिशी काढावे लागते आणि आतल्या नासरी महालांत शिरण्याची वेळ ठरलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. आईवडील पुन्हा युरोपात कधी येतील कोण जाणे, म्हणून मी तरी ही संधी सोडली नसती.

दर्यावर्दी

पायवाट यांचे म्हणणे वास्तूपुरते शंभर टक्के मान्य आहे, परंतु या वडिलांना नेऊ नये असेच माझे मत आहे. ग्रानादा सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तिथली रात्र शून्याला टेकते. आल्हांब्रा म्हणजे किमान तीन तासांची चाल, तीही चढउताराची आणि खडबडीत फरसबंदीची. जाऊन येऊन साडेतीन तास बसमध्ये बसलेल्या गुडघ्यांना हे सोसायचे नाही, आणि ज्या उन्हासाठी तुम्ही निघालात तो दिवस हातचा जाईल. त्यापेक्षा ६ तारखेला आलामेदावरून ११ क्रमांकाच्या बसने पेद्रेगालेखोला जावे. हा कोळीवाडा होता, आता किनाऱ्याने सपाट फरसबंद वाट आणि ओळीने खानावळी आहेत. सणासुदीला गावकरीही तिथेच जेवतात, म्हणून एकच्या सुमारास जागा धरावी. दोननंतर उभे राहावे लागते.

तिथे वाळूने भरलेल्या जुन्या होडीत लाकडांचा जाळ करून, बोरूच्या काडीत ओवलेले मासे भाजतात. त्याला 'एस्पेतो' म्हणतात. प्रसिद्ध आहे तो तारलीचा, म्हणजे सार्डिनचा, पण ती उन्हाळ्यात चरबट आणि चवदार असते. हिवाळ्यात भाजलेला 'लुबिना' (सी बास) किंवा 'दोरादा' (सी ब्रीम) मागवावा. रत्नागिरीच्या माणसाने तळलेले 'बोकेरोनेस' खाल्ले, तर मांदेलीच्या भाऊबंदांची ओळख पटायला वेळ लागणार नाही.

नेकरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आल्हांब्रा रद्द केला आहे, ओट्याची खोली शोधतो आहे आणि बाबा एस्पेतोचे नाव पाठ करत आहेत. आता प्रश्न राहिला आईचा. बाहेर तिने काय खावे?

सांजवेळ

'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढे म्हणून भागत नाही. हॅमचे बारीक तुकडे बरेच जण मसाल्यासारखे वापरतात, म्हणून 'सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो' (हॅम नको, मासे नको, अंडे नको) हेही कागदावर लिहून दाखवावे. मसुराची आमटी दिसली म्हणून हरखून जाऊ नये, तिच्यात बहुधा सॉसेज असते. राजांच्या सणाचा गोल पाव, 'रोस्कोन', अंड्याचा असतो, तोही तुम्हीच खावा. मात्र तळलेल्या वांग्याच्या कापांवर 'मिएल दे कान्या' घालून देतात, ते आईंना नक्की द्यावेत. नावात मध असला तरी ती उसाची काकवीच आहे, जवळच्या फ्रिखिलियाना गावात तयार होणारी. कापांच्या पिठात अंडे नाही ना, एवढे विचारून घ्यावे. सकाळी चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, मिळतात. ते साधारणपणे पीठ, पाणी आणि मिठाचेच असतात.

चहाच्या नावाखाली कोमट पाण्यात बुडवलेली पुडी येते. त्याऐवजी आईंसाठी कॉफीच सांगावी. मालागात कॉफी-दुधाच्या प्रत्येक प्रमाणाला वेगळे नाव आहे. निम्मीनिम्मी ती 'मितात', दूध जास्त असलेली 'सोम्ब्रा' म्हणजे सावली आणि कॉफी नावाला घातलेली 'नूबे' म्हणजे ढग. आईंना नूबे सांगा, आणि दूध 'कालिएन्ते', म्हणजे गरम, हे सोबत सांगायला विसरू नका.